मोठ्या घरची लाईट

फिरोजाने गीझर लावला की आमच्या आख्ख्या आळीला कळायचं. शेजारच्या मोठ्या घरातला पंखा मंदावायचा आणि तिची थोरली जाऊ, जैतूनभाभी, पडवीतून ओरडायची, "फिरोजा, गीझर बंद कर, माझा पंप चालू हाय!" मग न्हाणीघरातून आवाज यायचा, "करते भाभी!" आणि अंगाला साबण लावलेली ती बाई उरलेली आंघोळ थंड पाण्याने उरकायची. हे मला कसं माहीत, असं विचारू नका. तिचं घर आणि माझी वाडी यांच्यात एक दगडी गडगा तेवढा आहे, आणि देवाने मला कान दिलेत.

आमचं गाव दिवेआगरच्या अलीकडे. मी सुपारीची वाडी बघते, सुट्टीच्या दिवसांत दोन खोल्या पाहुण्यांना देते आणि लोकांच्या भानगडींत पडते. हे शेवटचं काम फुकट करते. फिरोजा मला ताई म्हणते. ती म्हसळ्याची. लग्न होऊन या आळीत आली तेव्हा विशीतली होती. नवरा हारिस कुवेतला असतो. तिकडे लोकांच्या घरात एसी बसवायचं काम करतो आणि दोन वर्षांनी एकदा येतो. मुलगी यशरा पनवेलला नर्सिंग शिकते. म्हणजे एरवी घरात फिरोजा एकटीच.

पूर्वी सगळे मोठ्या घरातच राहायचे. हारिसचा थोरला भाऊ शब्बीर वारला, त्याची मुलं मुंब्र्याला गेली, आणि घराचा कारभार जैतूनभाभीच्या हातात आला. आला म्हणजे काय, आधीपासून तिच्याच हातात होता. वीसच्या साली वादळ झालं त्यात मोठ्या घराचे पत्रे उडून खाडीपर्यंत गेले. माणसं वाचली, पण हारिसने तेव्हा ठरवलं की मागच्या वाडीत, जिथे माड आडवे झाले होते तिथे, आपलं वेगळं पक्कं घर बांधायचं. घर हळूहळू उभं राहिलं. पायापासून स्लॅबपर्यंत फिरोजा रोज तिथे उभी असायची. फरशी तिने निवडली, खिडक्यांचा रंग तिने निवडला, ओट्याची उंची तर स्वतः उभी राहून मापून घेतली. आयुष्यभर दुसऱ्याच्या उंचीच्या ओट्यावर भाकऱ्या थापलेली बाई ती, तिला काय वाटलं असेल ते ज्याचं त्यानं समजावं.

आता घरात राहायला जायचं तर लाईट पाहिजे. आणि इथेच फिरोजाने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

त्यांच्या घराण्यात एक रीत होती. घरातलं कुणी वेगळं बिऱ्हाड थाटलं की नव्या चुलीत पहिला विस्तव थोरल्या घरच्या चुलीतून न्यायचा. मोठ्या घराची बरकत त्यासोबत जाते, असं फिरोजाची सासू सांगायची. पण आता विस्तव कुठला? मोठ्या घरात गॅस, नव्या घरात गॅस, आणि फिरोजाचा गॅस तर तिच्या स्वतःच्या नावावर. तेव्हा हिच्या डोक्यात आलं, विस्तव नाही तर लाईट न्यावी. डोक्यावर ओढणी घेऊन ती जैतूनभाभीसमोर गेली आणि म्हणाली, "भाभी, माझ्या घरातली पयली लाईट तुमच्या घरातनं येव दे." भाभीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका मान तिला कुणी कधी दिला नव्हता. तिने फिरोजाला जवळ घेतलं, कपाळाचा मुका घेतला आणि वायरमन सदाला तिथल्या तिथे बोलावलं.

सदाने मोठ्या घराच्या पडवीतून वायर काढली, माडाच्या बुंध्याला बांधली आणि नव्या घराच्या बोर्डावर आणून सोडली. पडवीत एक खटका बसवला. सदा म्हणाला, "वयनी, ही चार दिवसांची सोय हां. खरं तर एका मीटरवर दोन घरं चालत न्हाईत. तुमचा अर्ज टाका लगेच." फातेहा पढून झाली, गोड मलिदा वाटला, मलाही आला. जैतूनभाभीने पडवीतला खटका दाबला आणि फिरोजाच्या घरातले सगळे दिवे एकदम लागले. बायकांनी माशाअल्ला म्हटलं. फिरोजा इतकी खूश होती की पायात चप्पल न घालताच अंगणभर फिरत होती.

चार दिवसांची सोय चार दिवसांत संपली असती तर हे लिहायचं कारण नव्हतं.

अर्ज टाकायला गेली तेव्हा विजेच्या ऑफिसात कळलं की जमिनीच्या सातबाऱ्यावर भाभीचंही नाव आहे, तेव्हा नवीन मीटरला तिच्या संमतीची सही लागेल. सही म्हणजे काय, दोन मिनिटांचं काम. फिरोजा हसत हसत भाभीकडे गेली आणि तोंड पाडून परत आली.

"काय झालं?" मी गडग्यावरून विचारलं.

"भाभी बोलली, माझी लाईट कडू लागली काय तुना?"

मी म्हटलं, "मग तू काय म्हणालीस?"

"काय बोलणार ताई. न्हाय बोलले."

बघा, चूल वेगळी झाली तेव्हा भाभीने हूं का चूं केलं नाही. घर वेगळं झालं तेव्हा तिने स्वतः मिठाई वाटली. पण मीटर वेगळा म्हटल्यावर तिच्या काळजाला लागलं. आमच्याकडे वाटणी जमिनीची होते तेव्हा भांडण होतं, ते मी पुष्कळ पाहिलंय. इथे वाटणी लाईटची होत होती, आणि भांडण होऊच शकत नव्हतं, कारण भाभी एक रुपया घेत नव्हती. फिरोजाने बिलातला हिस्सा देऊन पाहिला, तर भाभी दोन दिवस जेवली नाही. "हारिसला मी मांडीवर घेऊन भरवलाय," ती म्हणाली, "त्याच्या घरच्या दिव्याचे पैसे घेऊ मी?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. फरक एवढाच की बुक्के प्रेमाचे होते.

हळूहळू फिरोजाच्या घरातलं काहीच फिरोजाचं राहिलं नाही. एका वायरवर सगळं चालणार, म्हणजे इस्त्री आणि पंप एकदम नको, मिक्सर आणि गीझर एकदम नको. ती खिडकीतून विचारायची, "भाभी, मिक्सर लावू काय?" भाभी विचारायची, "काय वाटतेस?" खोबरं म्हटलं की पुढचा प्रश्न, "कोण येतंय जेवायला?" इस्त्री लावली की भाभीला कळायचं ही कुठेतरी निघाली. "कुठे चाललीस गो?" दुपारी टीव्ही लावला की, "काय बघतेस?" हारिसने एसीसाठी पैसे पाठवले, तर भाभी म्हणाली वायर जळेल. ते खरंही होतं. एसीचे पैसे बँकेत पडून राहिले आणि एसी बसवणाऱ्याची बायको उन्हाळ्यात ओल्या ओढणीने वारा घेत राहिली.

आणि भाभी घरात यायची. बोर्ड तपासायला, वायर बघायला, दिवा विनाकारण चालू आहे का ते बघायला. मागच्या दाराने, हाक न मारता. फिरोजा न्हाऊन केस पुसत असो, नमाज पढत असो की हारिसशी फोनवर बोलत असो. लाईट तिची, मग दार कुणाचं? एकदा सुट्टीला आलेली यशरा वैतागून म्हणाली, "अम्मी, ही आपली खोली हाय मोठ्या घराची, घर न्हाय." फिरोजाने तिला गप्प केलं. पण त्या दिवसापासून ती फरशी पुसताना गप्प असायची. आधी गाणी म्हणायची.

वाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. वादळात पत्रे उडाले तेव्हा तुटलेल्या तारेच्या ठिणग्या भाभीने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. तेव्हापासून वारा जरा वाढला की ती आपला मेन आणि पडवीतला खटका दोन्ही पाडायची. तिच्या घरात इन्व्हर्टर आहे, तिला काही फरक पडत नाही. आणि समुद्रकाठच्या गावात वारा कधी वाढत नाही, ते मला सांगा.

मी फिरोजावर चिडायचे. "बोल की तिला तोंडावर! जीभ काय गहाण टाकलीस?"

ती म्हणायची, "ती वाईट असती तर बोलले असते, ताई."

हारिसला सांगितलं तर तो म्हणायचा, "भाभीला दुखवू नको. मी येतो तेव्हा बघू." तो एकदा येऊनही गेला, भाभीच्या हातची बिर्याणी खाल्ली आणि बघायचं राहून गेलं. एकदा मीच म्हटलं, माझ्याकडून गडग्यावरून वायर घे. यावर फिरोजा जे बोलली त्याचा मला आधी राग आला. "ताई, मग तुमाला विचारून पंखा लावावा लागंल." मी तावातावाने घरात गेले. भात चढवला, तो उतू गेला, आणि तेव्हा मला पटलं की ती बरोबर बोलतेय. मी रोज विचारलं असतं. मला माझा स्वभाव माहीत आहे.

यंदा मे महिन्याच्या सुरुवातीला फिरोजाची आई म्हसळ्याहून राहायला आली. थकलेली बाई, दम्याचा त्रास, पण लेकीचं नवं घर बघायचं म्हणून हौसेने आली. फिरोजाने तिच्यासाठी खिडकीजवळ पलंग सरकवला. पहिल्या दिवशी दोघी मायलेकी दारात बसून आंबे खात होत्या, हसत होत्या. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. भाभीने खटका पाडला, पडवीच्या जाळीला कुलूप लावलं आणि जवळच्या बोर्लीला नात्यातल्या कुणाच्या तरी मेंदीला निघून गेली. थोड्या वेळाने वारा पडला. लाईट मात्र पडलेलीच राहिली. म्हातारीचा पंखा बंद, उकाडा असा की माणूस उभ्या उभ्या विरघळेल. फिरोजा भाभीला फोन लावत राहिली. भाभी मेंदीच्या गडबडीत, फोन पिशवीत. मी माझ्याकडे चला म्हटलं, तर म्हातारीला धाप लागलेली, उठवेना. मग आम्ही दोघी सुपाने तिला वारा घालत बसलो. फिरोजा मधूनच उठायची, पडवीच्या जाळीपर्यंत जायची, कुलूप हातात घेऊन बघायची आणि परत यायची. खटका जाळीतून दिसत होता. हात पोचत नव्हता. तिसऱ्यांदा परत आली तेव्हा ती रडत होती. आवाज न करता, सूप हलवत हलवत.

दिवस कलताना भाभी आली, खटका दाबला आणि मेंदीचा हात दाखवत म्हणाली, "अगो, वारा व्हता म्हणून बंद केली. फोन तरी कराचा!" तिला खरंच काही कळलं नव्हतं. म्हातारीसाठी तिने मेंदीच्या घरचा शिरा आणला होता.

सकाळी म्हातारीने पिशवी भरली. फिरोजा पाया पडली, राहा म्हणाली. आई म्हणाली, "बेटी, घर तुझा हाय. वारा तुझा न्हाय." आणि ती रिक्षात बसून गेली.

फिरोजा रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. मग आत गेली, आपल्या बोर्डावरचा मेन स्विच खाली पाडला आणि बाहेर येऊन अंगण झाडायला लागली. इतके महिने बाईच्या हातात तेवढा एकच खटका होता आणि तो तिला तोवर सुचला नव्हता. लाईट देणं भाभीच्या हातात होतं. न घेणं हिच्या हातात होतं.

त्या संध्याकाळी फिरोजाच्या घरात अंधार. भाभी मागच्या दाराने आत आली, "फ्यूज उडाला वाटतं," म्हणाली आणि मेन वर केला. दिवे लागले. ती गेली. फिरोजाने मेन खाली केला. सकाळी भाभी पुन्हा आली, पुन्हा वर केला. पुन्हा खाली. "काय चाललंय तुझा?" भाभीने विचारलं. फिरोजा म्हणाली, "कायपण न्हाय भाभी. मना नको लाईट." ना भांडण, ना आवाज. भाभीनेही मग येणं थांबवलं. कंदील तिने वरवंट्याजवळ ठेवलेला असायचा. फ्रीज रिकामा करून दार उघडं टाकलं. फोन तेवढा माझ्याकडे चार्जिंगला ठेवायची.

त्यामुळे एकदा हारिसचा फोन आला तो मी उचलला. उचलला आणि माझी जीभ सुटली. "तिकडे लोकांना थंडावा पोचवतोस, इकडे तुझी सासू सुपाच्या वाऱ्यावर जगली, माहीत आहे का?" तो म्हणाला, "ताई, भाभीनं मना वाढवलाय."

मी म्हटलं, "मग आता तू मोठा झालास असं तिला कोण सांगणार? कुवेतचा शेख?"

त्याने फोन ठेवला. भाभीला त्याने फोन केला की नाही, मला ठाऊक नाही. केला असेल तर त्याचा उपयोग झाला नाही, कारण भाभी आली ती त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, आणि आली ती आळीतल्या बायकांमुळे. गल्फवाल्याच्या पक्क्या घरात रोज कंदील दिसतो, हे काय लपून राहतं? कुणाच्या तरी घरी मिलादला बायका जमल्या तेव्हा कुणीतरी भाभीला सगळ्यांदेखत विचारलं, "फिरोजाची लाईट का कापली गो तू?" आणि विचारलं कुणाला, तर जिने आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं त्या जैतूनभाभीला. लोकांना वाटत होतं लाईट तिनेच कापली. आता तीही अडकली. लाईट देते म्हणून सांगायची सोय नाही, कारण घेणारी घेत नाही.

ती आली तेव्हा मी तिथेच होते, चार्ज झालेला फोन द्यायला गेले होते. पहिल्यांदाच ती पुढच्या दाराने आली. उकाड्याने तिचा चेहरा लाल झाला होता. खुर्चीवर बसली आणि एकदम म्हणाली, "मी काय वाईट केला तुझा?"

फिरोजा चहा करत होती. ती म्हणाली, "कायपण न्हाय, भाभी. तुमी माझा कायपण वाईट केलाव न्हाय."

"मग?"

"मना माझ्या घरात कधीतरी एकटीला ऱ्हवाचा हाय."

भाभीला हे समजलं नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. एकटं राहायची हौस कुणाला असते? ती स्वतः त्या मोठ्या घरात एकटी राहत होती, मुंब्र्याची मुलं ईदला येत होती तेवढीच. मागच्या दाराने येणं-जाणं हाच तिचा दिवस होता. मला त्या क्षणी तिची दया आली, हेही सांगते. फिरोजालाही आली असणार, कारण चहात तिने भाभीला लागते तशी जास्तीची साखर घातली. पण ती मागे फिरली नाही.

भाभीने ओढणीने तोंड पुसलं. "आण कागद," म्हणाली. फिरोजाने कागद आणला, भाभीने सही केली, मोठ्या अक्षरांत, वेळ लावून. मग पेन ठेवून तिने विचारलं, "म्हणजे आता मी तुझ्या घरात विचारून येव?"

मला वाटलं फिरोजा विरघळणार. तिच्या जागी मी असते तर म्हटलं असतं, नाही हो भाभी, असं काय बोलता. फिरोजाने चहाचा कप तिच्यासमोर ठेवला.

"हाक मारून या, भाभी," ती म्हणाली.

भाभी चहा न पिता गेली.

पावसाच्या तोंडावर मीटर आला. सदाने माडावरची वायर सोडवली आणि गुंडाळून भाभीच्या पडवीत नेऊन ठेवली. फिरोजाने गीझर लावला आणि इतका वेळ आंघोळ केली की मला वाटलं पडली की काय. आई पुन्हा आली. एसी लागला. आणि भाभी हाक मारून यायला लागली. पण कशी! अंगणाच्या मधोमध उभी राहून, आख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी. "फिरोजा! येव काय मी तुझ्या घरात?" दिवसातून कितीदा तरी. ही तिने फिरोजाला दिलेली शिक्षाच. आणि फिरोजाला प्रत्येक वेळी तेवढ्याच मोठ्याने ओरडावं लागायचं, "या भाभी, या!" हातातलं टाकून, तोंडातला घास गिळून. बायका हसायच्या. मला वाटलं, झालं, ही सुटली कुठली. वायर गेली आणि हाक आली.

परवा दुपारी मी वाडीत सुपाऱ्या कातरत बसले होते. भाभी अंगणात येऊन उभी राहिली. "फिरोजा! येव काय?"

आतून उत्तर आलं नाही. भाभीने पुन्हा हाक मारली. मग खिडकी थोडी उघडली आणि फिरोजाचा आवाज आला. झोपेतला, साधा, रागाचा लवलेश नाही त्यात.

"आता नको, भाभी. मी निजलेय. सांजच्याला या."

खिडकी बंद झाली. जैतूनभाभी तिथेच उभी. माझ्या हातातला अडकित्ता थांबला. तिला असं कुणी म्हटलं नसणार, जन्मात नाही. मला वाटलं आता ही तोंडाचा पट्टा सोडणार, नाहीतर कायमची पाठ फिरवणार. तिने ओढणीने मान पुसली, बंद खिडकीकडे बघितलं आणि आपल्या घरी गेली.

ऊन उतरल्यावर ती परत आली. अंगणाच्या मधोमध थांबली नाही. दारापर्यंत गेली, कडी हळूच वाजवली.

"उठलीस काय गो?" तिने विचारलं.